चार मिलिमीटर

तुर्कूत नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं.
तेवढ्यात वेन्ला आली, घसरगाडी ओढत,
आजारी वासरू घोंगडीत गुंडाळून आणावं तसा
सागवानी खोक्यातला टीव्ही घेऊन.
"साइमी आत्याचा. होडीघराच्या माळ्यावर होता."

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं.
जळमटं, एक वाळकी गांधीलमाशी,
आणि चासीच्या कडेला पेन्सिलीनं: टी. एल., ६६.
टी. एल. म्हणजे मी, तौनो लेह्तोवारा,
तेव्हा एकोणीस वर्षांचा, हातात नवी पेटी
आणि तोंडात मालकाचे शब्द.

वेन्लाला काही बोललो नाही. कॉफी ओतली.

जुन्या सेटला एकदम वीज पाजू नये,
उपाशी माणसाला भरवावं तशी घासाघासानं द्यावी.
म्हणून वाटेत शंभर वॅटचा बल्ब बसवला.
सेट धड असेल तर मिणमिणेल,
आत शॉर्ट असेल तर भगभगेल.
बटण दाबलं,
आणि टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यालासुद्धा सावल्या फुटल्या.

ती गेली. मी आणि बल्ब उरलो.

आधी ट्रान्सफॉर्मर सुटा केला.
तोच तर जळाला होता, माझ्या म्हणण्याप्रमाणे.
एकट्यालाच वीज दिली.
बल्ब विझल्यासारखा झाला.
ट्रान्सफॉर्मर ठणठणीत.
अठ्ठावन्न वर्षं माळ्यावर, ठणठणीत.

खुर्चीत बसलो तो बसलोच.

मग बाकीच्या घराची झडती.
मेण गळालेल्या कपॅसिटरचा एक पाय उचलला,
मीटरचा काटा शून्यावरून हलेना.
रेक्टिफायर उपटला. शून्य.
आवाजाकडची तार तोडली, चित्राकडची तोडली,
शून्य.
चोर सापडेना की गल्लीतल्या गरिबाला धरतात,
तसा मी कागदी कपॅसिटरांना धरून बसलो
रात्री अकरापर्यंत.

मग चासी उलटी केली
आणि चोकच्या पट्टीवर चार स्क्रू दिसले.
तीन काळवंडलेले, बुटके.
चौथा चकचकीत, भलत्याच घराण्यातला,
टोक कागद फोडून थेट वेटोळ्यात घुसलेलं.
दोन फेरे देऊन मागे घेतला.
काटा उठला,
झोपेतून कुणी हाक मारल्यासारखा.

आठवलं.
मूळचा स्क्रू हातातून निसटून कोचाखाली गेला होता.
पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं.
खिशातला दुसरा लावला. बसला.
जरा जास्तच बसला.

तीन आठवड्यांनी धूर.
मी गेलो, नुसता वास घेतला, उघडला नाही.
विचारलं, "पाणीबिणी गेलं होतं का आत?"
साइमीबाई ॲप्रनला हात पुसत म्हणाल्या,
"सकाळीच वरून ओल्या फडक्यानं पुसला."
मी मान हलवली.
डॉक्टर हलवतात तशी.
"ट्रान्सफॉर्मर गेला, बाई. खर्च परवडणार नाही."
नऊ हप्ते अजून फेडायचे होते.

बुटका स्क्रू शोधला, तारा पुन्हा डाखल्या,
वेटोळ्यावर नवा कागद गुंडाळला.
बल्ब एकदा उसळला
आणि राखेतल्या निखाऱ्याइतका खाली आला.
एकेक व्हॉल्व्ह तांबडा झाला.
पडद्यावर मुंग्याच मुंग्या.
या सेटला कळेल असं
आता कुणीच काही पाठवत नाही.

सकाळी वेन्ला मुंग्यांपुढे उभी राहून
लहान मुलीसारखी हसली.
"आत्या यंत्राला कधी ओलं फडकं लावायची नाही," ती म्हणाली.
"फ्रीजलासुद्धा. आम्ही तिची थट्टा करायचो.
काय बिघडलं होतं?"

मी खिशातून स्क्रू काढून काउंटरवर ठेवला.
गोल डोक्याचा तो,
घरंगळला, खाली पडला, कुठेतरी कपाटाखाली गेला.
"थांबा," ती म्हणाली, आणि माझ्याआधी
गुडघ्यांवर बसून शोधायला लागली.